नव्या माणसाला दाखवायचा भाग

लग्न होऊन दीडेक महिना झाला होता तेव्हा माझ्या नवऱ्याच्या मुलीनं मला तिच्या कार्टूनचा एक भाग दाखवला. कार्टून म्हटलेलं तिला खपत नसे. ती सिरीज म्हणायची. आपणहून दाखवला असंही नाही. सासूबाई दिवाणावर बसून वाती वळत होत्या, त्या म्हणाल्या, "एकटीच काय पाहून राह्यली व? तिले पण दाखव नं." मुलीनं माझ्याकडं न पाहता बराच वेळ रिमोटवर बोट चालवलं, भाग पुढं नेले, मागं नेले आणि एकावर थांबली. मला वाटलं, पोरगी माझ्यासाठी निवडून काढते आहे. निवडतच होती ती. फक्त कशासाठी, ते मला कळलं नाही.

ती तेव्हा दहावीत होती. तिची आई जाऊन दोन वर्षं झाली होती. माझंही हे दुसरंच लग्न. पहिल्या घरी मी दोन वर्षं टिकले आणि परत माहेरी, शेंदूरजनाघाटला येऊन बसले, ती अडतिसाव्या वर्षापर्यंत. अमरावतीचं स्थळ आलं तेव्हा माझी वहिनी सगळ्यात जास्त खूश झाली. नवरा फळबाजारात अडत्याकडं कामाला, माणूस गरीब, आईच्या शब्दाबाहेर नाही. हे शेवटचं मला गुण म्हणून सांगितलं होतं.

आमच्याकडं दुसरेपणावर दिलेल्या बाईच्या गळ्यात पहिलीचा टाक घालतात. चांदीचा, नखाएवढा, त्यावर बाईची आकृती. सासूबाईंनी तो सोनाराकडून करून ठेवलाच होता, लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी माझ्या पोतीत ओवला. घरात काही नवं आलं की ते आधी तिला. नवी साडी आली की टाकासमोर घडी ठेवायची, मग नेसायची. बांगड्या तशाच. पहिला आंबासुद्धा. मला त्याचं काही वाटलं नाही, मी हे लहानपणापासून पाहिलेलं आहे. मेलेल्या माणसाला मान दिल्यानं जिवंत माणसाचं काही कमी होत नाही. पण त्या मुलीच्या डोळ्यांनी पाहा: एक अनोळखी बाई घरभर फिरते आहे, पोळ्या लाटते आहे, आणि तिच्या गळ्यात आपली आई लटकते आहे. मुलगी माझ्याशी बोलताना माझ्या तोंडाकडं पाहत नसे आणि गळ्याकडं तर नाहीच. खांद्याच्या वर कुठंतरी पाही. हाक मारायची तर आई नाही, मावशी नाही, काकू नाही. "ऐका ना," एवढंच.

तर तो भाग. गोष्ट अशी आहे की एका देशातली नदी हरवते आणि तीन पोरं आणि एक म्हातारं कासव ती शोधत फिरतात. बाहेरदेशची मालिका, बोलणं हिंदीत घातलेलं, शंभराच्या वर भाग. मला दाखवलेल्या भागात पोरं एका बंद दुकानापुढं बसून राहतात. दुकान काही उघडत नाही. कासव मागच्या गोष्टी आठवून आठवून सांगतं, त्या मला ठाऊक नव्हत्या. मध्येच एक पोरगा झोपतो. शेवटी सगळे उठून चालू लागतात. संपला.

मी म्हटलं, "वा! लय छान आहे. कासव तर भलतंच गोड."

"अच्छा," ती म्हणाली. रिमोट आजीच्या मांडीवर ठेवला आणि आत निघून गेली.

ही अक्कल मला यायला हवी होती. माझे वडील संत्र्याचे व्यापारी. नवा खरेदीदार दारात आला की ते आधी मुद्दाम रस नसलेलं, पांचट फळ फोडून त्याच्या हातावर ठेवायचे. "गोड आहे," म्हणाला की वडील पानाचा डबा काढायचे, गप्पा मारायचे, चहा पाजायचे आणि माल नाही म्हणून वाटेला लावायचे. आम्हाला सांगायचे, "एक तं याले फळ समजत नाई, नाई तं याच्या मनात दुसरंच काई आहे." जो तोंड वाकडं करी त्यालाच मागच्या खोलीत नेत. मी हे शंभरदा पाहिलं आहे, हसलेही आहे. आणि पंधरा वर्षांच्या पोरीनं तोच पांचट माल हातावर ठेवला तर मी म्हटलं, भलतंच गोड.

त्या घरात मला हवं तरी काय होतं? नवऱ्याकडून मी फार आशा धरली नव्हती, सासूबाई बऱ्या होत्या. मला मूल नव्हतं आणि होणार नव्हतं. त्या मुलीनं मला एकदा, एकदाच, आपणहून जवळ बसवून काहीतरी दाखवावं, एवढं मला हवं होतं. सांगायला लाज वाटत नाही, मी त्याच्यासाठी भुकेली होते.

दोन आठवड्यांनी एका संध्याकाळी लाइट गेली. सासूबाई शेजारी गेल्या होत्या. मी उंबरठ्याशी उजेडात मेथी निवडत बसले होते, ती फोनची बॅटरी संपल्यामुळे नाइलाजानं समोरच्या पायरीवर. मी धीर करून म्हणून टाकलं, "खरं सांगू का? थो भाग मले बिलकूल नाई आवडला. झोप आली होती मले."

ती म्हणाली, "माहीत आहे. मुद्दामच दाखवला. मग छान काहून म्हटलं?"

"तुले बरं वाटावं म्हणून."

"मले नाई वाटलं बरं."

पण ती उठून गेली नाही. मेथीची एक जुडी ओढून घेतली. आणि मग, लाइट येईपर्यंत, त्या पोरीनं मला इतकं सांगितलं की मी हातातली मेथी विसरले. ही मालिका तिची आणि तिच्या आईची. दोघी मिळून पाहायच्या. घरी कोणी नवं आलं की त्याला कोणता भाग दाखवायचा हे आई ठरवायची, आणि तिचा नियम असा की पहिला भाग कधीच कोणाला दाखवायचा नाही. पहिल्या भागात फक्त नावं-गावं असतात, त्यानं कोणी आपलं होत नाही. माणूस पाहून भाग काढायचा. शेजारच्या दोन व्रात्य पोरांना आईनं महापुराची मारामारी दाखवली, ती पोरं आठवडाभर येत राहिली. अकोल्याची आत्या लग्नात, मुंजीत, कुठंही रडणारी. तिला कासव मागं राहतं तो भाग. आत्या इतकी रडली की तिला रात्री जेवण गेलं नाही, आणि मग तीही सगळे भाग पाहू लागली. बाबांसाठी चार भाग लावून पाहिले, चारहीत ते झोपले.

"मग आईनं म्हटलं, यायच्यासाठी भाग अजून बनलाच नाई," ती म्हणाली आणि हसली. मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. खालच्या ओठाचा कोपरा तिचा एकीकडं जातो.

मग तिनं ते सांगितलं. टीव्हीवर मालिका लागते तिथं आईच्या नावाचा वेगळा खण होता, प्रोफाइल म्हणतात तो, त्यावर आईनं कासवाचं तोंड ठेवलेलं. दोघी एक भाग पाहत होत्या, निम्मा झाला होता, आणि आईला थंडी वाजायला लागली. डेंगू निघाला. ऑटो दारात आला तेव्हा आई टीव्ही बंद करताना म्हणाली, "राहू दे, आल्यावर पाहू." तेव्हापासून तो भाग तिथंच थांबलेला होता. चित्राखाली लाल रेघ, अर्ध्यावर. तीन पोरांतली थोरली मुलगी ओल्या वाळूत एक पाय ठेवून उभी आहे, तिला वाटतं नदी सापडली, आणि तिथंच थांबलेलं. मुलगी रोज तो खण उघडायची, रेघ पाहायची आणि बंद करायची. त्यापुढचे भाग तिनं स्वतःही पाहिलेले नव्हते.

"तो भाग सोडून," ती म्हणाली. "तो सोडून मी तुमच्यासाठी एखादा काढतो. विचार करावा लागन. तुमी कशा आहे थे मले अजून नीट माहीत नाई."

मी म्हटलं, "कर सावकाश."

लाइट आली. ती उठून गेली. मी तिथंच बसून राहिले, आणि मला इतका आनंद झाला होता की कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. सासूबाई शेजारून आल्या तशी मी त्यांना सगळं सांगितलं. मुलगी बोलली, हसली, आईचा अर्धा भाग, लाल रेघ, सगळं. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या म्हणाल्या, "अर्धंच राह्यलं व माय तिचं." मला वाटलं, रडल्या, झालं.

मग पितृपक्ष आला. नवऱ्याआधी गेलेल्या बाईचं नवमीला करतात, अविधवा नवमी. आमच्याकडं तो दिवस माझ्याच हातानं व्हायचा होता. सकाळी टाक पोतीतून काढून दुधानं धुतला, हळदीकुंकू लावून पाटावर ठेवला. मी वडे, कढी, खीर, गवारीची भाजी केली. गच्चीवर पान ठेवलं. आणि कावळा शिवेना. कावळे होते, कठड्यावर तीन-चार बसून इकडं-तिकडं पाहत होते, पण पानाकडं येत नव्हते. सासूबाईंनी हात जोडून सांगून पाहिलं: पोरीचं शिक्षण करू, पोरीचं लग्न नीट करू, दुसरीले त्रास देणार नाई. कावळे ढिम्म. नवरा घामाघूम होऊन उभा. मी म्हटलं, खीर थंड होते आहे, मी खाली जाते, आणि उरलेले वडे तळायला आले.

कढईच्या आवाजात मला बाहेरचं काही ऐकू आलं नाही. मुलगी शिकवणीला गेलेली. वड्यांचा शेवटचा घाणा काढून मी ताट घेऊन बैठकीत आले तर टीव्ही चालू होता. टीव्हीसमोर पाट, पाटावर टाक, टाकापुढं खिरीची वाटी. सासूबाई खाली मांडी घालून, पदर डोक्यावर घेऊन बसलेल्या, आणि नवरा खुर्चीत, रिमोट हातात, गालांवरून पाणी वाहतं आहे. पडद्यावर थोरली मुलगी वाळूतून दुसरा पाय काढत होती.

मी ओरडलेच, "बंद करा!"

सासूबाई म्हणाल्या, "तिची इच्छा राह्यली होती नं व. थ्याच्यासाठीच कावळा शिवत नोता. पुरं होऊ दे."

आणि त्यांचं खरं होतं, तेच मला आजही सलतं. त्यांच्या हिशेबानं त्यांनी अगदी बरोबर केलं होतं. सून गेली, तिचं काही अर्धं राहिलं, ते तिला दाखवून पुरं केलं. साडी दाखवतात, आंबा दाखवतात, तसंच. त्यांनी प्रेमानंच केलं. मी रिमोट हिसकावून घेतला तोवर भाग संपत आला होता. वाळूतली ती ओल नदीची नव्हतीच, कोणा वाटसरूची पाण्याची पखाल फुटली होती. थोरली मुलगी खाली बसते आणि भाग संपतो. "काईच तं नोतं थ्याच्यात," सासूबाई हळूच म्हणाल्या. तेवढ्यात पुढचा भाग आपोआप सुरू झाला.

मी घाबरून मागं न्यायला लागले. बोटं तेलकट, बटणं कळत नव्हती. त्या भागावर गेले, तो पहिल्यापासून लागला. पुढं ढकलला, जास्तच गेला. रेघ नेमकी कुठं होती ते मला ठाऊक नव्हतं, मी ती कधी पाहिलीच नव्हती. वाळू आली, पण पाय पुढं गेलेला. परत मागं. आता दोन्ही पाय कोरड्यात. आणि दार वाजलं.

तिनं चप्पलसुद्धा काढली नव्हती. टीव्हीकडं पाहिलं, पाटाकडं पाहिलं, माझ्या हातातल्या रिमोटकडं पाहिलं.

"कोणी लावला?"

मी नवऱ्याकडं पाहिलं. तो पंख्याकडं पाहत होता. सासूबाईंनी बोलायला तोंड उघडलं.

मी म्हटलं, "मी."

मोठेपणा म्हणून म्हटलं नाही. मला त्या वेळी एवढंच दिसलं की या पोरीची म्हणावी अशी माणसं दोनच उरली आहेत, बाप आणि आजी, आणि तिसरी मी अजून झालेली नाही. त्यांच्यावरून तिचं मन उडालं तर तिनं जायचं कुठं? माझ्यावरून उडालं तर काय, आधीही ती माझ्याशी बोलत नव्हतीच. असं सगळं मी तेव्हा शब्दांत मांडलं नाही, मांडायला वेळही नव्हता. नुसतं तोंडातून निघून गेलं.

ती म्हणाली, "फक्त तुमाले सांगितलं होतं मी."

हे मात्र खरं होतं.

ती रडली नाही. आदळआपटही नाही. माझ्या हातातून रिमोट घेतला, आईचा खण उघडून पाहिला. रेघ कुठल्या कुठं गेलेली. तिनं टीव्ही बंद केला, पाटावरचा टाक उचलून देवघरात ठेवला आणि हात धुवून जेवायला बसली. खीर घेतली नाही. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर कासवाचं तोंड नव्हतं. तिनं आईचा खण पुसूनच टाकला होता.

सासूबाई चार दिवस मागं लागल्या, "मी सांगतो तिले, तू काहून आंगावर घेतलं?" मी म्हटलं, सांगाल तर मी माहेरी निघून जाईन. मग त्यांनी तो विषय सोडला. नवऱ्याला मी सकाळचा चहा देताना विचारलं, "तुमाले तोंड नोतं का?" तो म्हणाला, "आता तू बोलूनच टाकलं होतं नं." त्या उत्तराचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, आणि जाऊ द्यायचा माझा विचारही नाही.

दहावीनंतर ती अकोल्याला आत्याकडं गेली, अकरावी-बारावीसाठी. शिकवण्या तिथं चांगल्या आहेत म्हणाली. शिकवण्या अमरावतीतही आहेत, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. बापाला रोज फोन, आजीशी अर्धा अर्धा तास गप्पा. माझ्याशी वाकडं वागली असं मी म्हणणार नाही. "ऐका ना, आजीच्या गोळ्या संपल्या असतील," "ऐका ना, माझी निळी ओढणी पाठवा." पाहुण्या बाईशी वागावं तसं नीट वागते.

दुपारी घर रिकामं असतं. मी माझ्या फोनवर ती मालिका पहिल्यापासून पाहिली. पहिला भाग खरंच कंटाळवाणा आहे, तिच्या आईचं बरोबर होतं. पण पुढं पुढं मी भाजी करपवू लागले. सगळे भाग पाहिले, काही दोनदा. आणि प्रत्येक वेळी मनात एकच चाललेलं, तिनं माझ्यासाठी कोणता काढला असता? माणूस पाहून भाग. पुराचा नक्की नाही. कासवाचाही नाही, तो आत्याचा. एक भाग आहे, त्यात पोरं एका विहिरीवर येतात. तिथली बाई कोणाला पाणी देत नाही, सगळ्यांवर खेकसते, आणि पोरं झोपल्यावर त्यांच्या रिकाम्या पखाली भरून ठेवते. तो असेल असं मला वाटायचं. मग वाटायचं, आपण आपलीच आरती ओवाळतो आहोत. आणखी दोन भाग मनात होते. पण विहिरीवरच मन परत परत जायचं.

बारावीच्या वर्षी ती दिवाळीच्या सुटीला घरी आली तेव्हा सोबत एक मैत्रीण होती. मैत्रीण मोर्शीची, तिची बस संध्याकाळची, तोवर दुपारभर आमच्याकडं. दोघींची बैठकीत खुसफूस, हसणं चाललेलं. मी आत चिवडा ताटलीत काढत होते. मैत्रीण म्हणाली, "पह्यल्यापासून लाव नं मंग." आणि मुलगी म्हणाली, "पह्यला नाई दाखवत कोणाले. थांब, तुह्यासाठी काढतो मी एक." माझा हात तिथंच थांबला. ती बराच वेळ शोधत होती. मैत्रीण दोनदा म्हणाली, लाव नं काईपण.

मग विहिरीत बादली पडल्याचा आवाज आला. त्या भागाची सुरुवात त्या आवाजानंच आहे, मी तो झोपेतही ओळखीन.

मी चिवडा आणि संत्र्याच्या फोडी घेऊन बाहेर गेले. मैत्रिणीनं दिवाणावर सरकून जागा केली. "काकू, बसा नं. तुमी पण पाहा."

मुलगी पडद्याकडं पाहतच म्हणाली, "त्या नाई पाहत हे." आवाजात राग नव्हता. एखादीला वांगं चालत नाही हे सांगावं, तसं सांगितलं तिनं.

"हो गं बाई," मी म्हटलं. "मले नाई समजत थ्यातलं."

आणि आत आले. भाग संपेपर्यंत मी ओट्याला टेकून उभी होते. पोरं झोपली, बाई उठली, पखाली भरायला लागली, हे सगळं मला नुसत्या आवाजावरून दिसत होतं. त्या ठिकाणी मैत्रीण मुसमुसायला लागली. मुलगी तिला म्हणाली, "मले माहीत होतं, तुले हाच आवडन."